तिसऱ्यांच्या मांसाचीही तपासणी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी ६१ दिवस बंद असते. तेव्हा गोव्यातल्या कितीतरी घरांत तिसऱ्या, खुबे आणि शिनाणे या शिंपल्यांवरच मासळीची हौस भागते. आमच्या चिखलीच्या खाडीत ओहोटी लागली की बायका तिसऱ्या वेचायला चिखलात उतरतात. नेमक्या याच दिवसांत पहिल्या पावसाचा गाळ डोंगर-गटारांतून नदीत येतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध कोणीतरी सांगायला हवा, म्हणून हे पत्र.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. नदीच्या पाण्यातल्या कॉलिफॉर्म जंतूंचे आकडे जाहीर होतात, ते व्हायलाच हवेत. पण कॉलिफॉर्म ही मैलापाण्याची खूण. व्हिब्रिओ कुळातले जंतू खाडीचे मूळ रहिवासी आहेत. सांडपाण्याचा थेंब नसला तरी ते असतात आणि पाणी तापले की वाढतात. शिवाय त्यातले बरेचसे सुटे तरंगत नाहीत. गाळाचा कण, कुजलेल्या पानाचा चुरा, प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे) कवच, जे मिळेल त्याला ते चिकटतात आणि त्यावर चिकट थर करून राहतात.

याचा सुंदर पुरावा बांगलादेशातल्या मतलब भागात मिळाला. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बायकांना पिण्याचे पाणी जुन्या साडीच्या निदान चार घड्यांतून गाळायला सांगितले. अशा घडीची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कॉलऱ्याचा जंतू, तोही व्हिब्रिओच, दोन-तीन मायक्रॉनचा. सुटा जंतू आरपार जाणारच. तरीही कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले (हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले). जंतू प्लवकांवर बसलेले होते आणि प्लवक साडीत अडकत होते.

तिसरीचे कल्लेही असेच गाळणे आहेत, पण त्यात अडकलेले तिच्या पोटात जाते. एक मायक्रॉनचा सुटा जंतू कल्ल्यांतून बराचसा निसटतो. पाच-सहा मायक्रॉनच्या वरचा कण मात्र जवळजवळ हमखास धरला जातो, आणि त्याच्यासोबत त्यावरची सगळी वसाहत आत जाते. तिसरी तासन्‌तास पाणी गाळत असते. म्हणून वरच्या पाण्याची बाटली निर्दोष ठरली तरी त्याच जागच्या तिसरीच्या मांसात जंतू कितीतरी पटींनी जास्त असू शकतात.

आपण तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतो, त्याने वाळू निघते. मैलापाण्यातले जंतूही वाहत्या स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवसांत बरेच कमी होतात. व्हिब्रिओ मात्र मांसाला धरून राहतो. फ्रीजरमध्ये ठेवून शिंपले उघडण्याची सोय आता घरोघरी आहे, पण थंडीने हा जंतू पुरता मरत नाही. एकशिपी करून (एकाच शिंपीत मांस ठेवून), खोबरे घालून एक वाफ काढणाऱ्या माझ्या भगिनींना कळकळीने सांगते, शिंपला उघडला म्हणजे आतले शिजले असे नाही. उकळी आल्यावर आणखी पाच मिनिटे द्या. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर अधिक जपावे, कारण व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा त्यातला एक जंतू त्यांच्या जिवावर उठू शकतो. तो जखमेतूनही शिरतो, तेव्हा पायाला चीर असताना चिखलात उतरू नये.

जुलाबाच्या नेहमीच्या तपासणीत व्हिब्रिओ शोधला जातोच असे नाही. त्याला टीसीबीएस हे जंतू वाढवण्याचे वेगळे माध्यम लागते; त्यावर व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जुलाबाच्या जंतूच्या हिरव्या वसाहती दिसतात. डॉक्टरांनी लिहून दिले नाही, तर ती प्लेट लावलीच जात नाही आणि रुग्णाची नोंद साधे जुलाब म्हणून होते. हाच जंतू १९५० साली ओसाकात सापडला, तेव्हा बारीक सुक्या मासळीतून २७२ जण आजारी पडले आणि २० जण दगावले होते. डॉक्टरांनी ‘काल-परवा तिसऱ्या खाल्ल्या होत्या का?’ एवढे विचारावे.

युरोपात शिंपल्यांची क्षेत्रे मांसातल्या जंतूंवरून ठरवतात. निदान ८० टक्के नमुन्यांत १०० ग्रॅममागे ई. कोलाय (मैलापाण्याची खूण असलेला जंतू) २३० च्या आत असले तरच माल थेट बाजारात जातो. मत्स्योद्योग खात्याने चिखली, नेरूळ आणि साळ नदीतल्या तिसऱ्यांच्या मांसाची अशीच तपासणी करावी, तिच्यात व्हिब्रिओही धरावा. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल्यालाच आहे, तिचे मार्गदर्शन घ्यावे. मे ते ऑगस्ट दर पंधरवड्याला निकाल कोकणी-मराठीत मासळी बाजारात लावावेत, आणि एखादी जागा बंद ठेवावी लागली तर तिथे वेचणाऱ्या बायकांना त्या दिवसांची भरपाई द्यावी.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, चिखली