परसदाराची किल्ली कुठे आहे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारी रात्री दीडच्या सुमारास सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला. आग तशी लहानच, पण ती बाहेर पडायच्या नेहमीच्या दारातच होती. बेळगावातल्या वडगाव-शहापूरची आमची घरं आपण पाहिली असतील. आगगाडीच्या डब्यांसारखी, सोप्यामागे माजघर, माजघरामागे स्वयंपाकघर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. कैक घरांत अजून माग आहेत, म्हणजे सुताच्या गठ्ठ्या आल्याच. खिडक्यांना चोराच्या भीतीने गज. राहता राहिलं परसदार. शेजाऱ्यांच्या परसदाराला तांदळाची पोती लावलेली, आणि कुलूप बहुधा लग्नकार्यानंतर उघडलेलंच नव्हतं. किल्ली कुणाला सापडेना. शेवटी काकांनी पाट्यावरचा वरवंटा घेऊन कुलूप फोडलं. सगळे वाचले. आजींचा खोकला मात्र दोन दिवस थांबला नाही. किल्ली दुसऱ्या दिवशी बटणांच्या डब्यात मिळाली!

आगीत माणूस बहुतेक वेळा भाजण्याआधी धुरानेच गुदमरतो. धूर वर चढतो आणि माळ्यापासून खाली भरत येतो, म्हणून ओणवं होऊन, जमल्यास रांगत निघायचं, निघताना आपल्यामागे खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि दागिन्यांसाठी परत आत शिरायचं नाही. सिलिंडरच्या गॅसचं उलटं. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला की दिव्याचं बटण चालू करायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद करून दारं उघडायची आणि बाहेर येऊन गॅसगळतीसाठीच्या 1906 ला फोन लावायचा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी नको. शेगडी बंद करून वर झाकण टाकावं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या रविवारी घरातले दिवे मालवून ‘आग लागली, निघा’ म्हणून पाहिलं, तर आई आधी चष्मा शोधत बसली आणि नातू पलंगाखाली जाऊन लपला. पोरं घाबरली की लपतात, हे तेव्हा कळलं. आता आईला कोण धरणार आणि नातवाला कोण उचलणार, हे ठरलेलं आहे. बाहेर पडल्यावर पिंपळाच्या कट्ट्यावर जमायचं आणि डोकी मोजायची.

आणखी एक, खास आपल्या भागातली गोष्ट. 112 या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावला तर पलीकडून कानडीत विचारणा होते आणि आमच्या आया-आज्या गांगरतात. ‘बेंकी बिद्दिदे’ (आग लागली आहे) एवढे दोन शब्द पाठ असले तरी पुष्कळ. पुढे पत्ता सांगताना नुसतं ‘मारुती गल्ली’ म्हणून भागत नाही. मारुती गल्ली कुठे नाही? गाव, जवळचं देऊळ किंवा शाळा सांगावी. आम्ही हे कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलं आहे.

गल्लीतल्या मंडळांनाही विनंती आहे. मांडव घालताना बंब आत येईल एवढी वाट सोडा. वळणावर आडव्या लावलेल्या दुचाक्यांचं काय करायचं, ते पंचांनी बघावं. मी बोललो की भांडण होतं.

आमच्या परसदाराचं कुलूप मी काढलं, आतून नुसती कडी ठेवली. आईला चोराची भीती वाटते आणि ती काही खोटी नाही, म्हणून दाराला बाहेरून पत्रा मारून घेतला. मागच्या खिडकीच्या गजांनाही बिजागरी लावायला सांगितली, तेव्हा उद्यमबागेतला वेल्डर हसला. ‘मालक, चोराची सोय करून देताय काय?’ मी म्हटलं, बाबा, कडी आतून लाव, पण नातवाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव