थेटरातले ऑपरेटर काका, तुमच्यामुळं वाचलो

काका, नमस्कार. तुम्ही फेसबुकवर नाही हे माहितीये, पण तुमची नात म्हणाली लिहा, मी वाचून दाखवते. म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझी फजितीपण सगळ्यांसमोरच होणार होती.

झालं असं की यंदा गणपतीत ऑर्केस्ट्रा नको, जुन्या मराठी पिक्चरचे डायरेक्टर आणि नट राजा परांजपेंवर कार्यक्रम करूया असं मीच मीटिंगमध्ये मोठ्या तोंडानं बोललो. आपल्या मिरजेत 1910 ला जन्मलेला माणूस, आणि सांगलीतल्या पोरांना नावपण माहीत नाही म्हणजे काय! बोललो खरं, पण मला तरी कुठं काय माहीत होतं. नेटवरनं एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो उचलला, फ्लेक्सवाल्याला दिला, आणि प्रूफ बघायला गेलो तर तुम्ही तिथं झेरॉक्सला उभे. चष्मा कपाळावर चढवलात, स्क्रीनपाशी वाकलात आणि म्हणालात, "आरं, ह्यो राजा गोसावी हाय की!"

दहा बाय आठचा फ्लेक्स काका, चौकात लागणार होता.

बरं, हसला नाहीत. बाकड्यावर बसवलंत, चहा सांगितलात (पैसेपण तुम्हीच दिलेत) आणि म्हणालात की दोन्ही राजे ‘लाखाची गोष्ट’ पिक्चरमध्ये एकत्र होते, तिथनंच लोकांचा घोळ होतो. मग तुमची गाडी जी सुटली ती दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी थांबेना. 1952 सालात ‘लाखाची गोष्ट’ पण आणि ‘पेडगावचे शहाणे’ पण, दोन्हीचे डायरेक्टर परांजपेच, लिहायला गदिमा, म्हणजे तेपण आपल्याच जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे, आणि संगीत सुधीर फडक्यांचं. ‘ऊन पाऊस’बद्दल तुम्ही जे बोललात ते तर मी जसंच्या तसं माईकवर बोललो, की चव्वेचाळीस वर्षांचा माणूस म्हातारा मास्तर झाला आणि डायरेक्टरपण स्वतःच, मग राजाभाऊ जरा जास्त होतंय असं त्यांना सांगणार कोण? तरी कुठं जास्त झालं नाही. पोरांनी आईबापाला वाटून घेतलं ही गोष्ट 1954 ची, आज बघितली तरी घशात अडकते.

आणि परांजपेंच्याच ‘पाठलाग’चा तुमचा किस्सा! तुम्ही तेव्हा थेटरात प्रोजेक्टरवर बारके हेल्पर, हातानं रीळ गुंडाळायचं, मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांवर लक्ष ठेवायचं, आणि रीळ संपत आल्याचं टिंब पडद्याच्या कोपऱ्यात दिसलं की उस्तादाला हाक मारायची, म्हणजे तो दुसरं मशीन चालू करणार. पण तुम्ही काशिनाथ घाणेकरांची कोर्टातली केस बघत बसलात, टिंब हुकलं, पडदा पांढराफट्ट, खाली शिट्ट्या आणि वर उस्तादाची टप्पल. ह्याच पिक्चरवरनं हिंदीत ‘मेरा साया’ आला हे मला तुमच्याकडनं कळलं, मी आजवर उलटं समजत होतो.

कार्यक्रमाला पाऊस होता तरी खुर्च्या कमी पडल्या. ‘जगाच्या पाठीवर’चं ‘बाई मी विकत घेतला शाम’ लावलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या आज्यांनी स्पीकरच्या वरताण आवाज लावला, आणि आमची नेहमी मोबाईलमध्ये मान घालून बसणारी पोरं चक्क रेकॉर्डिंग करत होती. तुम्ही मात्र मागं खांबाला टेकून उभे. नारळ-शाल द्यायला नाव पुकारलं तर गायब! अध्यक्ष माझ्यावरच भडकले.

शाल माझ्याकडं आहे, आणि तुम्ही चकल्या दिलेला स्टीलचा डबापण. रविवारी त्यात भडंग भरून आणतो, घरी थांबा. आणि तो उस्ताद पुढं कुठं गेला ते सांगायचं राहिलंय तुमचं.