शिलाईचा दर ठरवतो कोण?

महोदय,

‘स्वस्त कपडे घेणे थांबवा’ हे आपल्या अंकातील वाचकपत्र वाचले. शिवणाऱ्या बायकांविषयीची तळमळ पोचली, सल्ला मात्र पटला नाही. अंधेरीच्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये मी बरीच वर्षे चेकिंगला, म्हणजे शिवलेला माल तपासायला होते. एकाच टेबलावर, त्याच बायकांच्या हातून, त्याच पीस रेटने (नगामागे ठरलेल्या मजुरीने) उतरलेल्या शर्टांपैकी काहींना मॉलमधल्या ब्रँडचे लेबल लागे, काहींना सेलवाल्याचे. दुकानातल्या किमतीत तिपटीचा फरक, शिवणारीच्या हातात मात्र तेवढेच पैसे. तेव्हा महाग घेतले म्हणजे आपण सुटलो, असे कोणी समजू नये.

बायरचा, म्हणजे माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा माणूस तपासणीला येणार म्हटले की आमच्याकडे लग्नघराची धांदल असे. जिन्यातले खोके हलायचे, मागच्या दाराचे कुलूप निघायचे, आग विझवण्याचे सिलिंडर पुसून दर्शनी भागात लागायचे. ओव्हरटाइमचे खरे रजिस्टर मॅनेजरच्या गाडीच्या डिकीत. पगार किती, सुट्टी कधी, याची उत्तरे मुलींकडून घोकून घेतली जात. साहेब चहा-ढोकळा खाऊन गेले की दुसऱ्याच दिवशी अर्धा लॉट टेम्पोतून साकीनाक्याच्या गाळ्यांत जॉब वर्कला, म्हणजे बाहेरून शिवून घ्यायला. तिथे कधीच कोणी साहेब फिरकला नाही. धागा कटिंग तर चाळींतल्या घराघरांत चाले. 1948 च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी 10 माणसे असली की तो कारखाना होत असे. केंद्राच्या नव्या कामगार संहितेत आता 20 लागतात. असे गाळे आधीच कोणाला दिसत नव्हते, आता कागदावरूनही गेले.

24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावारमध्ये राना प्लाझा ही इमारत कोसळून 1100 हून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली; वरच्या मजल्यांवरच्या शिवणाऱ्यांना सकाळी पुन्हा मशीनवर बसवले. का, ते मला वेगळे सांगायला नको. शिपमेंट चुकली की माल विमानाने पाठवण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो, आणि मालक तो कोणाच्या पगारातून काढतो हे आम्ही पाहिले आहे. त्या दुर्घटनेनंतर बांगलादेशात ब्रँड आणि कामगार संघटनांनी कायद्याने बांधील असा सुरक्षा करार केला, तपासणीचे अहवाल लोकांसमोर ठेवले. 2023 पासून पाकिस्तानातही तसा करार आहे. आपल्याकडे अजून नाही.

दर आणि तारीख ठरवतो घाऊक घेणारा. काउंटरवर एक शर्ट घेणाऱ्याला तिथे कोण विचारतो? आणि परदेशी बायरला नावे ठेवताना आपल्या सरकारचे काय? 2024 मध्ये राज्याच्या ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत शाळेच्या मुलांसाठी कापलेले कापड बचत गटांकडे आले आणि एका गणवेशाची शिलाई ठरली 100 रुपये, वर 10 रुपये इतर खर्चाला. शर्ट-पँट, काज-बटण, इस्त्री धरून घरच्या मशीनवर एकट्या बाईचे अडीच-तीन तास सहज जातात. त्यातून दोरा आणि वीज वजा करा. अनेक गटांनी काम नाकारले, शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी मुले जुन्याच कपड्यांत होती, आणि अखेर खरेदी पुन्हा शाळा समित्यांकडे गेली. बोल लागला तो बायकांच्या दिरंगाईला. दराबद्दल फारसे कोणी बोलले नाही. पीसवर काम दिले तरी किमान वेतनाच्या नियमातून सुटका नाही, हे मंत्रालयात ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

खासगी शाळांचे गणवेशाचे कंत्राट ऐन उन्हाळ्यात ठरते, आणि तिथे पालक हा घाऊक गिऱ्हाईक असतो. पालक-शिक्षक सभेत कापडाचा पोत आणि खिशावरचा बिल्ला यांवर तासभर चर्चा होते. त्याच सभेत पुरवठादाराला विचारावे: शिवण कुठल्या गाळ्यात होते, एका शर्टामागे बाईला किती मिळतात आणि पैसे किती दिवसांनी मिळतात. उत्तरे लेखी घ्यावीत. आणि एकदा न सांगता त्या गाळ्यावर जावे, दुपारी चारच्या सुमारास. तेव्हा काम भरात असते.

– एक निवृत्त चेकर, भांडुप
(नाव छापू नये, ही विनंती.)