चि. मनूस, घासकामाबद्दल

प्रिय मनू,

काल फोनवर तू रडवेली झाली होतीस, एवढ्या लांब श्टुटगार्टला येऊन अकाफ्लीगमध्ये, म्हणजे ग्लायडर बनवून उडवणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या क्लबात, नाव घातलं आणि तीन शनिवार नुसता वॉटर पेपर घासतेय, उडायचं कोणी नावच काढत नाही म्हणून. तेव्हा शॉपमध्ये कॉम्प्रेसर चालू होता, धड बोलता आलं नाही, आज रविवार आहे म्हणून निवांत लिहितोय.

अगं तू जिथे घासतेयस ना, तिथल्याच पोरांनी जगातलं पहिलं फायबरग्लासचं ग्लायडर केलंय. एफएस 24 फिनिक्स. एपलर आणि नेगेले हे दोघं मुख्य, लिंडनर नावाचा तिसरा नंतर जोडीला आला. 1951 च्या सुमाराला डोक्यात आलं आणि उडालं 27 नोव्हेंबर 1957 ला, म्हणजे सहा वर्षं. तू गेल्यापासून मी रोज रात्री हेच वाचत बसतो, आई ओरडते झोपा म्हणून.

मला वाटायचं ते ग्लासकडे वळले ते मजबुतीसाठी, आपण टाक्या करतो तसं. पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं. एपलर गणितातला माणूस, त्याने पंखाचा आकार हिशेबाने असा आखला की हवा पंखावरून बराच वेळ न फाटता सरकत जाईल आणि ओढ कमी होईल. कागदावर सगळं छान, पण लाकडाच्या पंखावर ते टिकेना, कारण आत रिबा म्हणजे आडव्या फासळ्या असतात, वरून प्लाय, ग्लू सुकला हवा बदलली की दोन रिबांच्या मध्ये प्लाय जरासा बसतो आणि लाट येते. डोळ्याला दिसणार पण नाही एवढी लाट, तरी हवा तिथे बिथरते आणि सगळा हिशेब वाया. म्हणून मोल्ड. आधी आकार मोल्डमध्ये पक्का करायचा आणि मग पंख त्याच्यातून काढायचा, वरून खाली ग्लास, मध्ये बाल्सा म्हणजे एकदम हलकं लाकूड, आणि रेझिन पॉलिस्टर, आपल्याकडे ड्रममध्ये येतं त्याच जातीचं!! हे वाचलं तेव्हा मी उठून ड्रमपाशी जाऊन आलो खरंच.

16 मीटरचा पंख आणि ग्लाइड 40 ला 1, म्हणजे 1 मीटर खाली येताना 40 मीटर पुढे. म्हणजे भोसरीवर 1 किमी उंचीवर सोडलं तर वारा नसताना कामशेत ओलांडून जाईल, इंजिन नाही काही नाही.

आणि पुढचं ऐक, 1964 ला डार्मश्टाटच्या अकाफ्लीगमध्ये लेम्के, वाइबेल, होलिगहाउस या पोरांनी डी-36 नावाचं ग्लायडर केलं, इपॉक्सी रेझिनमध्ये, 17.8 मीटर, ग्लाइड 44. त्याच वर्षी वाइबेलने ते उडवून जर्मनीची नॅशनल जिंकली, पुढच्या वर्षी इंग्लंडला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये श्पेनिग नावाचा पायलट डी-36 वरच दुसरा आला. मग तिघं तीन कंपन्यांत गेले आणि तुमच्या हँगरमध्ये एएसडब्ल्यू किंवा एलएस लिहिलेलं काही असेल तर त्यातला डब्ल्यू म्हणजे वाइबेल आणि एल म्हणजे लेम्के. स्टुडंट होते गं, तुझ्याएवढे.

आता मोल्डचं सांगतो, कारण ते मला हातानं कळतं. 2009 ला मी एका पार्टीची मोठी कव्हरं घेतली होती, घाई होती, मोल्डवर एका ठिकाणी हलकी लाट राहिलीय हे मला माहीत होतं, म्हटलं जेलकोटमध्ये, म्हणजे वरच्या रंगाच्या थरात, झाकलं जाईल. नाही झाकलं. चाळीसच्या चाळीस पीसवर तीच लाट, त्याच जागी, सगळा माल परत आला. मोल्ड काही विसरत नाही. तेव्हापासून मी पीस बघायच्या आधी मोल्डवर पडलेली ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची रेघ बघतो. शॉपमधले बाकीचे लाइट बंद करायचे, एकच ट्यूब ठेवायची, डोळा मोल्डच्या लेव्हलला आणायचा आणि डोकं हळूहळू सरकवायचं. रेघ सरळ धावली तर ठीक, कुठे मुरडली की तिथे पेन्सिलने गोल करून ठेवायचा आणि तिथेच घासायचं, बोटांनी नाही, लांब फळीला पेपर लावून, आडवं तिरपं आडवं तिरपं, कारण बोटांनी घासलं की बोटांचेच खड्डे पडतात. तुम्हाला फळी देतात का? नसेल तर मागून घे, लाजू नको.

तू विचारलं होतंस सगळी ग्लायडर पांढरीच का. रेझिन उन्हात तापलं की मऊ पडतं, पांढरा रंग कमी तापतो म्हणून. मे महिन्यात आपल्या पत्र्याखाली ठेवलेलं काळं कव्हर कसं वाकलं होतं आठवतं ना, तेच.

फिनिक्स म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमकडे आहे म्हणतात, कधी जमलं तर त्याच्या पंखाच्या मागच्या कडेचा झूम करून फोटो काढ माझ्यासाठी, वरचं आणि खालचं अशी दोन शेल जोडलेत तिथला. मास्क साधा वापरू नको, डस्टवाला फिल्टर लावलेला घे, आणि घासून झालं की आधी हात गार पाण्याने धू, गरम पाण्याने खाज वाढते.

आणि ते शेवटी कितव्या नंबरच्या पेपरवर थांबतात, 600 की 1000, ते विचारून कळव.

तुझा
बाबा