गॅलापागोस बेटांच्या सफरीतल्या बोटीवरच्या सगळ्यांचे आभार

फर्नांदिना बेटापाशी डिंगी (छोटी होडी) लाटांवर डुलत असताना, मनगटाला मनगट धरून माझ्या गुडघेदुखीवाल्या आईला काळ्या लाव्ह्यावर अलगद उतरवणाऱ्या खलाशीदादा, तुमचे उपकार विसरणार नाही. तुमच्यामुळेच तिला उडता न येणारा, खुरट्या पंखांचा पाणकावळा बघायला मिळाला, आणि नाकातून खारं पाणी फुर्रकन उडवणारे समुद्री इग्वाना सरडेही! प्राण्यांपासून २ मीटर लांब राहा, हे न कंटाळता सांगणाऱ्या गाईडताई, एका बेटाचं बी दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून आमचे बूट घासून धुणारा पोरगा, तुमचेही मनापासून आभार. आणि आम्हा शाकाहारींसाठी वेगळी मसुरीची आमटी अन् भात करणाऱ्या स्वयंपाकीकाकांना आईने खास नमस्कार सांगितलाय.