सहाव्या प्लेस्टेशनची वाट बघणाऱ्या पार्टनरला

कोल्हापूर,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय पार्टनर,

परवा फोनवर तू विचारलंस, "पोराला पाचवा प्लेस्टेशन आत्ता घेऊ, का सहावा येईपर्यंत कळ काढू?" मी तोंड उघडायच्या आत वहिनींनी हाक मारली आणि तू फोन ठेवलास. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत उत्तर टाकता आलं असतं, पण ते पटलं नाही. आज रविवार, दुकान लवकर बंद केलंय, निवांत लिहितो.

आधी पक्कं किती आहे ते सांगतो, कारण यूट्यूबवर सध्या रोज नवा आकडा फिरतोय आणि तू त्यातलेच मला ऐकवत होतास. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनं सहाव्याची तारीख सांगितलेली नाही, किंमत सांगितलेली नाही, यंत्रसुद्धा दाखवलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये एक व्हिडिओ आला, त्यात मार्क सर्नी होता. चौथ्याचा आणि पाचव्याचा आराखडा केलेला तोच. सोबत त्यांच्या चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीचा माणूस. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि त्या सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली चाचणीत आहेत, काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये, म्हणजे गेमच्या यंत्रात वापरायच्या आहेत, हेही सांगितलं. पहिली, ग्राफिक्स चिपमधले वेगवेगळे भाग एकत्र जोडून एआयचं काम एकदम करून घेणं, म्हणजे लहान चित्र मोठं आणि स्वच्छ करणं वगैरे. दुसरी, प्रकाशाचे किरण मोजायला वेगळा खास भाग, म्हणजे ते ओझं बाकीच्या चिपवरून उतरेल.

तिसरी मला सगळ्यात जास्त आवडली. चिप आणि मेमरी यांच्यामध्ये जे जे काही ये-जा करतं ते सगळं तपासायचं आणि जमेल तिथे दाबून लहान करून पाठवायचं. रस्ता रुंद करायचा तर जमीन विकत घ्यावी लागते. हे म्हणजे गाड्याच आखूड केल्यासारखं झालं. रस्ता रुंद करणं चिपच्या बाबतीत फार महाग पडतं, मेमरीचे तुकडेही जास्त लागतात. ही युक्ती त्यांनी आत्ताच का काढली असेल, हे मला माझ्या गल्ल्यावर बसून नीट कळतं.

तुला सांगतो पार्टनर, गेले दोन महिने दुकानात मला गिऱ्हाइकाशी बोलायची भीती वाटायला लागली आहे. सकाळी रॅमचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीचा भाव सांगावा, माणूस घरी विचारून संध्याकाळी यावा, तोवर डीलरनं भाव वाढवलेला. गणपतीच्या आधी सोळा जीबीची जी काडी मी विकत होतो, ती आज दुपटीच्या वर गेली आहे. परवा एक इंजिनीअरिंगचा मुलगा वडिलांना घेऊन आला होता, ठरलेल्या पैशात कॉम्प्युटर बसत नव्हता, शेवटी आठ जीबीवर भागवलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. कारण एकच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, जगातली बहुतेक मेमरी या तिघांकडून येते आणि एआयची डेटा सेंटरं त्यांच्याकडून मिळेल तेवढी उचलताहेत. मायक्रॉननं तर या ३ तारखेला जाहीर केलं की 'क्रुशल' हा आपल्यासारख्यांना माल विकणारा धंदाच बंद करणार. किती वर्षं मी तो रॅम डोळे झाकून देत आलो.

आता कन्सोलकडे बघ. पाचव्यात सोळा जीबी मेमरी आहे. सहाव्यात त्याहून जास्त लागणार, हे कुणीही सांगेल. म्हणून मला वाटतं, सहाव्याची किंमत ग्राफिक्स चिप ठरवणार नाही, मेमरी ठरवेल. यूट्यूबवाले टेराफ्लॉप, म्हणजे चिपचा वेग मोजत बसतात. मी असतो तर आधी मेमरी किती आणि कुठल्या भावात, एवढंच विचारलं असतं.

तुला चौथ्याच्या घोषणेची पहाट आठवते? २१ फेब्रुवारी २०१३, कोथरूडची खोली, पहाटे साडेचारचा गजर, तुझ्या लॅपटॉपवर अडखळणारा व्हिडिओ. आपण चार जीबी मेमरी धरून बसलो होतो आणि त्यांनी आठ सांगितले, तेही जीडीडीआर५ या वेगवान जातीचे. तू पांघरुणातून उडी मारून उठलास, घरमालक खालून ओरडले. त्या दिवशीसुद्धा त्यांनी किंमत सांगितली नव्हती, यंत्रही दाखवलं नव्हतं. ते कळलं जूनमध्ये, आणि त्या सकाळबद्दल मला पुढे बोलायचंच आहे.

आधी किंमत. पूर्वी थांबण्यात शहाणपण होतं. दुसरा प्लेस्टेशन अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ झाला, २००९ मध्ये ९९. थांबला तो जिंकला. पाचव्याच्या बाबतीत उलटं झालं. २०२० मध्ये डिस्कवाला ४९९ डॉलरला आला, आणि या ऑगस्टमध्ये तिथे तोच ५४९ झाला. पाच वर्षं जुनं यंत्र महाग झालं! आपल्याकडे ४९,९९० चा २०२२ च्या नोव्हेंबरात ५४,९९० झाला. चिप लहान केली की स्वस्त पडते, हा जुना हिशोब आता बसत नाही, कारण नव्या पद्धतीनं चिप छापण्याचा खर्चच भलता वाढलाय. त्यामुळे सहावा आल्यावर वर्षभर थांबू, मग उतरेल, हे डोक्यातून काढून टाक.

माझा अंदाज विचारशील तर अमेरिकेत ५९९. तिसऱ्याचा साठ जीबीवाला २००६ मध्ये त्याच आकड्याला आला होता आणि लोकांनी केवढी बोंब मारली होती. आज तोच आकडा ऐकून लोक सुटकेचा श्वास टाकतील. पाचव्याचाच वरचा मॉडेल, प्रो, तर गेल्या वर्षी ६९९ ला आला, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय, म्हणजे पाणी किती खोल आहे ते त्यांनी बघून ठेवलंय.

आता आपला हिशोब. चौथा तिकडे ३९९ डॉलरला होता. तेव्हा डॉलर साधारण ६२ रुपये, म्हणजे पंचवीस हजारांच्या आत. आपण दिले ३९,९९०, निम्मे तू निम्मे मी. पाचवा ४९९, डॉलर ७३, म्हणजे साडेछत्तीस हजार, इथे ४९,९९०. त्यांच्या आकड्यात कर धरलेला नसतो, आपल्या एमआरपीत सगळं आलं, त्यामुळे फरक राहणारच. पाचव्याचंच प्रमाण धरलं आणि डॉलर आत्तासारखा नव्वदचा धरला, तर ५९९ चे इथे चौऱ्याहत्तर हजार होतात. ६९९ ठेवले तर शहाऐंशी. मी हे तीनदा मांडून बघितलं. पंच्याहत्तर हजार. एवढ्यात आमच्याकडे चांगली जुनी गाडी येते रे.

आणि कधी? १९९४, २०००, २००६, २०१३, २०२०. शेवटची दोन अंतरं सात-सात वर्षांची. तोच ठेका धरला तर २०२७ ची दिवाळी झाल्यावर, तेही तिकडे. आपल्याकडे चौथा तिकडच्यानंतर जवळपास दोन महिन्यांनी आला, पाचवा २ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे अडीच महिन्यांहून उशिरा. प्रो तर अधिकृतपणे आलाच नाही. त्याच्या वायफायला रेडिओ लहरींचा जो सहा गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो, त्याला आपल्याकडे परवानगी नव्हती. या मे महिन्यात सरकारनं त्या पट्ट्याच्या खालच्या भागासाठी मसुदा नियम काढले, त्यामुळे सहाव्यापर्यंत ही अडचण सुटेल असं मला मनापासून वाटतं. पण मेमरीचा असा तुटवडा राहिला तर २०२८ सुद्धा उजाडेल.

आता त्या जूनच्या सकाळकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे. ११ जून २०१३, सकाळी साडेसहा. आदल्याच रात्री मायक्रोसॉफ्टनं त्यांचं गेमचं यंत्र, एक्सबॉक्स वन, ४९९ ला सांगितलं होतं, वर जुन्या डिस्क विकण्या-देण्यावर बंधनं घालायचा त्यांचा बेत होता. मग सोनीचा माणूस स्टेजवर आला आणि म्हणाला, आमच्याकडे वापरलेल्या गेमवर कसलंही बंधन नाही. विकायचाय विका, मित्राला द्यायचाय द्या. टाळ्या थांबेनात. ३९९ चा आकडा त्याच्या नंतर आला, पार्टनर. मला त्या टाळ्यांमध्ये आपण दोघं दिसलो होतो. आठ-दहा दिवसांत मायक्रोसॉफ्टला तो बेत गुंडाळावा लागला.

त्या एका सोयीवर आपण चार वर्षं खेळलो. ३,९९९ ची नवी डिस्क आपण किती घेतल्या? दोन. बाकी सगळ्या कॅम्पातल्या त्या दुकानातून, संपवायच्या, परत द्यायच्या, वर चार-पाचशे टाकून दुसरी आणायची. आता पाचव्याच्या नव्या गेमला ४,९९९ पडतात. दहा गेम म्हणजे पन्नास हजार, दुसरं यंत्रच झालं की! डिस्क असेल तर त्यातले निम्मे हातात परत येतात. ऑनलाइन घेतलेला गेम विकता येत नाही, माझ्या पोरीनं संपवला म्हणून तुझ्या पोराला पाठवताही येत नाही. म्हणून सहाव्याबद्दल मला एकच गोष्ट आधी जाणून घ्यायची आहे, डिस्कची खाच असणार का. माझा होरा असा, की यंत्र खाचेशिवाय येईल आणि ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागेल. पाचव्याच्या बारीक मॉडेलला, स्लिमला, तो काढता-घालता येणारा केला, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदवावा लागतो, तेव्हापासून मला ती चाहूल लागली आहे. खाच गेली तर आपल्यासारख्यांसाठी सहावा कितीलाही आला तरी महाग. हे मी चिडून लिहीत नाही, मला खरंच काळजी वाटते. पोरांनी गेमची अदलाबदल करायची नाही, तर दोस्ती कशावरून होणार?

तर माझं उत्तर: थांबू नको. तुझं पोरगं नऊ वर्षांचं आहे, सहावा येईपर्यंत बारीक मिशी फुटायला लागेल त्याला. पाचवा घे, डिस्कवालाच घे, बिनडिस्कच्या डिजिटल एडिशनमध्ये वाचणाऱ्या पैशांना भुलू नको. चौथ्याच्या जवळपास सगळ्या डिस्क पाचव्यावर चालतात, म्हणजे आपला जुना साठा वाया जाणार नाही. पाचव्याच्या सहाव्यावर चालतील अशी आशा आहे. आशाच म्हणतो, कारण तिसऱ्याच्या चौथ्यावर चालल्या नाहीत हे आपण भोगलंय. सेलमध्ये भाव उतरतो तेव्हा घे, पण बिल नीट घे, आणि डबा उघडताना व्हिडिओ काढून ठेव. गेल्या वर्षी माझ्या एका गिऱ्हाइकाला ऑनलाइन मागवलेल्या खोक्यात भलतंच यंत्र आलं होतं, परत करता करता नाकी नऊ आले.

माळ्यावरचं खोकं आज खाली काढलं. आपल्या चौथ्याच्या अकरा डिस्क आहेत, त्यातल्या सहा तुझ्या, एकीवर तुझ्या हातानं लिहिलेली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. सगळ्या पुसून तपासल्या, नऊ स्वच्छ आहेत, दोनवर ओरखडे आहेत त्या मी पॉलिश करून बघतो. पुढच्या शनिवारी मामा पुण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. स्वारगेटला जाऊन घे. फुटबॉलची मात्र माझ्याकडेच ठेवतोय, मार्चमध्ये तुम्ही सगळे जोतिबाला याल तेव्हा पोराला इथेच खेळायला बसवू.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
पार्टनर