शेजारणीच्या आवाजावर किती दिवस?

नाशिक, रविवार रात्र

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

क्वायरमध्ये, म्हणजे चार आवाजांच्या समूहगायनात, गायचं तर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शीक, यावरून स्टेशनवर जे बोललो ते बोलायला नको होतं. गाडी सुटताना तर मुळीच नको होतं. ‘आजीला कुठं वाचता येत होतं?’ असं तू म्हणालीस, ते खरंच आहे. आजीची एकही ओवी कागदावर नव्हती आणि एकही बेसूर नव्हती. पण आजीच्या खांद्याला खांदा लावून कुणी दुसराच सूर धरून उभं नसायचं गं. क्वायरमध्ये नेमकं तेच असतं.

आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, उभं केलं, शेजारणीकडे कान ठेवला आणि सगळं निभावलं, असं तू हसत सांगितलंस. अभिमान वाटला. दोन ऐकण्यांत चार पानं उचलणं सोपं नाही. पण शेजारणीचं ऐकून गाणारी पाव मात्रा का होईना, मागे पडते, कारण सूर आधी कानावर यावा लागतो. शिवाय तिची चूक ती तुझीही. आणि ती एखाद्या दिवशी आलीच नाही तर?

ख्याल, ठुमरी, भावगीत गायचं असेल तर स्टाफ नोटेशनवाचून काही अडत नाही. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातली बंदिश हा नुसता सांगाडा असतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, किती लांबवायची, दरबारी रागातला गंधार किती झुलवायचा, हे समोर बसूनच घ्यावं लागतं. क्वायरचा स्कोअर, म्हणजे लिहिलेलं गाणं, मात्र वेगळा. त्यात चार ओळी एकमेकींवर रचलेल्या असतात, आणि आल्टोच्या ओळीला पुष्कळदा स्वतःची चालच नसते. वर सोप्रानो, म्हणजे बायकांचा वरचा आवाज, खेळत असते, तू एकाच स्वरावर चार-चार मात्रा उभी. तयार कान चालीकडे ओढला जातो, म्हणून कच्च्या कानापेक्षा तुझी फसगत जास्त होईल.

आपल्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढणारे गायक विष्णू दिगंबर पलुस्कर पाहा. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, तरी त्याच माणसानं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपी बसवली. झालं, लागलो लेक्चर द्यायला. सोड. कामाचं सांगतो.

तुझा घोळ काळी चारमुळे होतोय, पेटीच्या ज्या पट्टीवर तू नेहमी सा धरतेस तिच्यामुळे. क्वायरमध्ये सा दर गाण्याला हलतो, आणि तो कुठं आहे ते ओळीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. शार्प (♯, स्वर चढवणारी खूण) असतील तर शेवटचा, म्हणजे सर्वांत उजवीकडचा, शार्प हा नी. त्याच्या लगेच वरचा स्वर सा. एफ आणि सी असे दोन शार्प दिसले की सी हा नी, म्हणून डी हा सा. आपली पांढरी दोन. फ्लॅट (♭, स्वर उतरवणारी खूण) असतील तर शेवटचा फ्लॅट हा शुद्ध मध्यम. तिथून म ग रे सा असं खाली मोजत ये. एकच फ्लॅट असला तर सा एफवर, म्हणजे पांढरी चारवर. गाणं मायनरमधलं, म्हणजे उदास वळणाचं, असेल तर ते धैवतावर येऊन टेकतं, तेव्हा गोंधळू नकोस.

आता डीचंच पान घे. पाच रेघांतल्या सर्वांत खालच्या रेघेला खालून चिकटलेला सा, रेघांमधल्या पहिल्या खणात ग, दुसऱ्या खणात प. रे पहिल्या रेघेवर, म दुसऱ्या रेघेवर. सा ग प म ग रे सा, बोट ठेवून म्हण. इंग्रजी अक्षरं मनात आणूच नकोस, सरगमच म्हण. एक मात्र लक्षात ठेव: मध्येच आलेला शार्प किंवा फ्लॅट त्या बारच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याच्या, शेवटच्या रेघेपर्यंतच चालतो, पुढे नाही.

ताल आधी, सूर नंतर. रोज पंधरा मिनिटं पुरेत. पहिली पाच मिनिटं फक्त टाळी देऊन ‘ता’वर म्हणायचं. पुढे टिंब असलेला काळ्या गोळ्याचा स्वर दीड मात्रेचा, त्याच्यामागून बहुधा अर्धी मात्रा येते. तिथंच सगळे घाई करतात. सुरुवातीला सहा-आठ (6/8) लिहिलेलं असेल तर तो तुझा दादराच, तीन-तीन. आठ बार गप्प राहायचं असेल आणि बार चारचा असेल तर मनात तीनतालाची दोन आवर्तनं मोज. पण बारच्या विश्रांतीला आपल्या तालातली खाली, म्हणजे टाळी न देण्याची मात्रा, समजू नकोस. तिथं खाली हा प्रकारच नाही.

आणि एकच ओळ तिसऱ्यांदा वाचायची नाही. तिसऱ्यांदा तुझं पाठांतर झालेलं असतं, डोळा नुसता पानावर फिरतो. दादाचं तसंच झालं, आठवतं ना, अख्खं पुस्तक पाठ आणि नवीन पान पुढे आलं की हात पेटीवर तसेच. रोज नवं पान हवं. चुकलीस तरी थांबायचं नाही, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर उडी घ्यायची. शेजारीण थांबली तरी. पुन्हा शेजारणीवरच आलो बघ.

रागावू नकोस. आईच्या निळ्या वहीत तू सातव्या वर्षी काढलेली चिन्हं आहेत. कोमलची आडवी रेघ अक्षराखाली काढायची ती तू डोक्यावर काढली होतीस, आणि आईनं ती तशीच राहू दिली. संध्याकाळी तासभर तीच वही चाळत बसलो. पत्र लिहायला म्हणून बसलो होतो.

समोरचे काका शुक्रवारी पंचवटी एक्स्प्रेसनं येतायत, त्यांच्याबरोबर चिवडा आणि माझा ट्युनिंग फोर्क, म्हणजे सूर देणारा चिमटा, देतोय. ४४० हर्ट्झचा आहे, म्हणजे ए, पांढरी सहा. टेबलावर आपटू नकोस, गुडघ्यावर हलकेच मार आणि बूड कानामागच्या हाडाला टेकव. गाणं डीमध्ये असेल तर तुला ऐकू येईल तो पंचम. मनातल्या मनात प म ग रे सा उतर, सा धर, मग आपल्या ओळीतला पहिला स्वर शोध. कुणाला कळणारही नाही. शेजारणीकडे बघायचं नाही.

तुझा,
बाबा